जम्बो : वापरण्यापूर्वी नीट वाचावे

‘जम्बो’ हे विशेषण तोंडातून काढण्यापूर्वी मोजपट्टी, वजनकाटा आणि चौकस नातेवाईक अशा तिन्ही गोष्टी बाहेर ठेवाव्यात. मापाची भाषा सुरू झाली की जम्बोचा जीव जातो. ‘साडेतीन फुटी’, ‘अडीचशे ग्रॅमचा’, ‘पाच तासांचा’ असं काहीही म्हणा, ऐकणारा लगेच हिशेबाला लागतो. जम्बो म्हटलं की तो हिशेब सोडतो आणि मान वर करतो. एवढ्याचसाठी हा शब्द आपण ठेवून घेतला. बाकी मोठ्याला मोठं म्हणायला मराठीत शब्दांचा तोटा कधीच नव्हता.

सदर मार्गदर्शन नवउद्योजक, वार्ताहर, रेल्वेचे उद्घोषक, राजकीय पक्षांचे जिल्हाध्यक्ष आणि रविवारच्या लग्नाला उशिरा पोचणारे पाहुणे यांच्यासाठी आहे. इतरांनी वाचायला हरकत नाही. वापर मात्र आपापल्या जबाबदारीवर करावा.

आधी शब्दाची कुळकथा, कारण वापराचे जवळजवळ सगळे नियम तिच्यातच येऊन जातात. हत्तीच्या आधीही इंग्रजी बोलीत बेढब, धिप्पाड माणसाला जम्बो म्हणायचे. पण शब्दाला जगभर फिरवलं ते एका हत्तीनं. आफ्रिकेतला हा हत्ती पिल्लू असताना पकडला गेला आणि पॅरिसला पोचला. तिथून १८६५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयानं त्याला एका गेंड्याच्या बदल्यात घेतलं. आला तेव्हा पोर आजारी, खंगलेलं, जगेल की नाही अशी शंका यावी असं. मॅथ्यू स्कॉट नावाच्या रखवालदारानं जीव लावून त्याला वाढवलं. म्हणजे जम्बो हे नाव मिरवत होतं ते एक मरतुकडं पिल्लू. इथून पहिला नियम निघतो : नाव आधी ठेवावं, आकार सवडीनं येतो. महाराष्ट्रात हा नियम फार निष्ठेनं पाळला जातो. ‘जम्बो प्रकल्पा’चा नारळ फुटतो तेव्हा तिथं कुंपणाचे खांबसुद्धा आलेले नसतात, पण मंडपातल्या पाटीवर जम्बो हा शब्द केव्हाच वाढून बसलेला असतो.

लंडनचा जम्बो पुढं खरोखरच वाढला. पाठीवर पोरं बसवून फेऱ्या मारायचा, लोकांचा लाडका झाला. १८८२ साली अमेरिकेतल्या सर्कसवाल्या पी. टी. बार्नमनं त्याला दोन हजार पौंडांना विकत घेतलं आणि लंडनमध्ये रडारड सुरू झाली. शाळकरी मुलांनी राणीला पत्रं धाडली. न्यायला माणसं आली तेव्हा जम्बोनं रस्त्यातच बैठक मारली, उठेचना. बार्नमच्या माणसानं घाबरून तार केली. त्यावर बार्नमचं म्हणणं असं पडलं, की बसू दे हवं तितका वेळ, अशी जाहिरात पैसे मोजूनही मिळायची नाही. धंद्यातल्या माणसानं हे वाक्य देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हत्तीची खरी उंची मरणसमयी सव्वातीन मीटरच्या आतबाहेर होती, म्हणजे साडेदहा फूट. बार्नम सांगायचा चार मीटर. अडीच फुटांचा हा फरक टिकवायचा म्हणजे हत्तीला टेप लागता कामा नये. तेव्हा बार्नमनं जम्बोला मोजू द्यायचं नाही असाच दंडक घातला. वास्तविक हत्ती होता तेवढ्यानंही लोकांच्या माना दुखल्या असत्या. पण जम्बो शब्दाचा स्वभावच हा : वस्तू खरोखर मोठी असली तरी त्याला थोडं वर लागतं. १८८४ साली ब्रुकलिनचा नवा पूल मजबूत आहे हे लोकांना पटवायला बार्नमनं त्याच्यावरून एकवीस हत्ती चालवत नेले. त्यात जम्बोही होता. पूल शाबूत राहिला आणि पावतीवर नाव बार्नमचं आलं.

पुढच्याच वर्षी, १५ सप्टेंबर १८८५ रोजी, कॅनडातल्या सेंट थॉमस गावी मालगाडीच्या इंजिनाखाली सापडून जम्बो मेला. जिवंत हत्ती लाखाचा, मेला तर सव्वा लाखाचा, ही म्हण बार्नमच्या कानावर गेली असण्याचं कारण नाही. अंमलबजावणी मात्र त्यानं तंतोतंत केली. एका हत्तीचे दोन केले. हाडांचा सांगाडा वेगळा उभा केला, कातड्यात भुसा भरून दुसरा हत्ती वेगळा, आणि दोन्ही गावोगाव फिरवले. कातडं बसवताना ते जरा ताणून घ्या, हत्ती शक्य तितका मोठा दिसला पाहिजे, अशी सूचनाही दिली. मेल्यावर वाढलेला हा बहुधा एकमेव हत्ती असावा. सांगाडा न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाकडे गेला. भुसा भरलेला जम्बो टफ्ट्स विद्यापीठात जाऊन बसला आणि १९७५च्या आगीत जळाला. त्याची म्हणून जी राख गोळा केली, ती शेंगदाण्याच्या लोण्याच्या एका साध्या बरणीत आहे. खेळाडू सामन्याआधी त्या बरणीला हात लावून जातात. बरणीवर जम्बो पॅक असं लिहिलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

कुळकथा संपली. आता व्याकरण.

मराठीत मोठेपणाची विशेषणं फार मानी आहेत. प्रत्येकाचं सोयरं ठरलेलं. इमारत टोलेजंग, माणूस धिप्पाड, पोट अगडबंब, खोली ऐसपैस, झाड डेरेदार, सभा विराट, बोका गलेलठ्ठ, खर्च अवाच्या सव्वा. यांची अदलाबदल करून पाहा. ‘डेरेदार बोका’ म्हटलं तर बोक्याला पानं फुटतात, आणि ‘गलेलठ्ठ इमारत’ म्हटलं तर बिल्डर अब्रुनुकसानीची नोटीस पाठवतो. शिवाय लिंग-वचनाची कटकट : मोठा, मोठी, मोठं, मोठे, मोठ्या. जम्बोला यातलं काहीच नाही. जम्बो वडा, जम्बो भरती, जम्बो कटआउट, जम्बो बदल्या. कोणाच्याही पंगतीला बसतो, विभक्ती मागत नाही. घाईत बातमी लिहिणाऱ्याला यापरता सोयीचा शब्द सापडणं कठीण. जंबो लिहावं की जम्बो, यावर मात्र पुण्यात दोन मतं आहेत आणि दोन्ही ठाम आहेत.

वापर करताना वस्तूकडे पाहू नये, बोलणाऱ्याकडे पाहावं. विकणारा जम्बो म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘किंमत वाढली आहे’ असा घ्यावा. घोषणा करणारा म्हणतो तेव्हा ‘तुमची गैरसोय होणार आहे’. बातमीदार म्हणतो तेव्हा ‘हे जरा जास्तच झालं’. एकच शब्द, पण स्तुती, दिलगिरी आणि टोमणा या तिन्हींची कामं करतो.

विकणाऱ्यांपासून सुरुवात करू. २००१ साली मालाड स्टेशनाबाहेर वडापावचं एक दुकान निघालं. त्यानं नावातच जम्बो घेतला आणि पुढं त्याची साखळी झाली. त्यानंतर गल्लोगल्लीच्या गाड्यांवर जम्बो वडापाव दिसू लागला. जम्बो वडापाव ओळखण्याची पद्धत अशी : पाव नेहमीचाच असतो, वडा त्याच्या बाहेर डोकावतो. जिथं वडा नेहमीचा आणि पाव मोठा, तिथं जम्बो पावाला म्हटलंय असं समजून गप्प खावं. ‘साधा आणि जम्बो यात फरक काय हो?’ असं गाडीवर विचारू नये. ‘पाच रुपये,’ असं उत्तर येतं, आणि ते खरंही असतं.

मासळीबाजारात जास्त जपून. इंग्रजीत ‘जम्बो श्रिंप’ या शब्दजोडीची कायम थट्टा होते, कारण श्रिंप म्हणजे मुळात किरकोळ जीव. आपल्याकडे कोळंबीला तसा अपमान चिकटलेला नाही, त्यामुळे ‘जम्बो कोळंबी’ हसल्याशिवाय म्हणता येते. पण कोळणीपुढं म्हणू नये. दादरच्या बाजारात एका सद्गृहस्थांनी विचारलं, ‘मावशी, जम्बो आहे का?’ मावशीनं टोपलीतली एक कोळंबी मिशीला धरून उचलली, त्यांच्या चष्म्यापुढं आणली आणि म्हणाली, ‘ही हाय. नाव तू घरी नेऊन ठेव.’ मग तिनं वाट्याचा भाव सांगितला. सद्गृहस्थांनी भाव कमी करायला सांगितला. मावशीनं कोळंबी परत टोपलीत ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहू लागली. ज्याच्या हातात खरोखर मोठी वस्तू असते त्याला हा शब्द लागत नाही, एवढं यातून टिपून घ्यावं.

अमेरिकेत अंड्यांच्या बाबतीत मात्र एक विचित्र प्रकार आहे. तिथं जम्बो अंडं म्हणजे काय हे सरकारनं ठरवून दिलंय : डझनाचं वजन किमान ३० औंस, म्हणजे साडेआठशे ग्रॅम. त्याखाली एक्स्ट्रा लार्ज, त्याखाली लार्ज. बार्नमच्या देशात हे व्हावं याचं वाईट वाटतं. असा कायदा आपल्याकडे वडापावाला लावला तर अर्ध्या पाट्या उतरवाव्या लागतील आणि उरलेल्या अर्ध्यांवर रंगारी बसेल.

आता रेल्वे. हा भाग मुंबईकरांनी दोनदा वाचावा.

रुळांची, सिग्नलची, ओव्हरहेड वायरची दुरुस्ती करायची तर गाड्या थांबवाव्या लागतात, आणि मुंबईत गाड्या थांबवण्याला मुहूर्त एकच, रविवार. मध्य आणि हार्बर मार्गावर या थांबवण्याला मेगाब्लॉक म्हणतात, पश्चिम मार्गावर जम्बो ब्लॉक. काम सारखंच, हाल सारखेच, बोली वेगळी. दादरला पूल ओलांडला की भाषा बदलते. पश्चिमेचा जम्बो ब्लॉक बहुतेकदा सकाळी दहा पस्तीसला सुरू होतो आणि दुपारी तीन पस्तीसला संपतो. ही पस्तीस मिनिटं कुठल्या पंचांगातून येतात याची चौकशी करू नये. या पाच तासांत जलद गाड्या धिम्या मार्गावरून किंवा धिम्या जलद मार्गावरून धावतात, आणि उद्घोषक प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर असतो.

या ठिकाणी वापराचा दाखला. रविवारी विरारहून गिरगावात लग्नाला निघालेलं कुटुंब फलाटावर उभं आहे. आत्याबाईंच्या हातात अहेराची पिशवी, मामांच्या हातात नारळ, पोराच्या हातात मोबाइल.

‘अहो, आज ब्लॉक आहे म्हणे.’

‘असू दे. मेगा आहे की जम्बो?’

‘जम्बो.’

‘मग आपलाच आहे.’

‘आपलाच’ हा शब्द ध्यानात ठेवा. मुंबईकराला ब्लॉक किती तासांचा याच्याशी कर्तव्य नसतं. तो कोणाचा, एवढं कळलं की पुरतं. मेगा म्हटला असता तर मामांनी मध्य रेल्वेवरच्या व्याह्यांची कीव केली असती. आता व्याही वेळेवर पोचतील आणि पहिल्या पंगतीत बसतील. कार्यालयात पोचल्यावर मामांनी घाम पुसत एवढंच म्हणायचं : ‘जम्बो होता.’ यजमानांनी लगेच मान डोलवायची. मुहूर्त टळला, अक्षता संपल्या, मठ्ठ्यात बर्फ उरला नाही, तरी या दोन शब्दांपुढं उलटतपासणी होत नाही. पंधरा मिनिटांचा उशीर असेल तर ‘ट्रॅफिक’ म्हणावं, अर्ध्या तासाला ‘रिक्षाच मिळेना’ चालतं. त्यापुढच्या सगळ्या उशिरांना जम्बो पुरतो. तुम्ही मोटारीनं आलात हे मात्र त्या वेळी कोणाला दिसलेलं नसावं.

अडचण येते ती ब्लॉक खरोखरच मोठा असतो तेव्हा. २०२४च्या मे महिन्याच्या अखेरीस ठाण्याच्या पाच-सहा क्रमांकाच्या फलाटांचं रुंदीकरण आणि सीएसएमटीच्या दहा-अकराची लांबी वाढवणं, यासाठी मध्य रेल्वेनं ६३ तासांचा ब्लॉक घेतला. ९३० लोकल फेऱ्या रद्द. आता याला काय म्हणायचं? दर रविवारच्या पाच तासांवर मेगा आणि जम्बो दोन्ही खर्च करून बसलेलो. मग ‘महामेगाब्लॉक’ आला, ‘जम्बो मेगाब्लॉक’ आला. एका विशेषणाच्या खांद्यावर दुसरं चढलं. दहीहंडीत थर लावतात तसे हे शब्द एकावर एक चढत राहणार. नऊ थरांपर्यंत जायला अजून बरीच जागा आहे. होतकरू वार्ताहरांनी ‘महा’, ‘मेगा’, ‘जम्बो’ यांपैकी एकतरी कायम शिलकीत ठेवावा. पुढचा ब्लॉक शंभर तासांचा निघाला तर मथळा करताना पंचाईत व्हायची.

या सगळ्या पसाऱ्यात एकच धंदा हा शब्द सरळपणानं वापरतो : जम्बो झेरॉक्स. पुण्यात हा बोर्ड पावलागणिक दिसतो. खाली बारीक अक्षरात लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग. इथं जम्बो म्हणजे नकाशाचा कागद. पूर्ण आकाराचा ए-झीरो ८४१ मिलिमीटर रुंद आणि ११८९ मिलिमीटर लांब. एकाही मिलिमीटरचा इकडेतिकडे हिशेब नाही. आर्किटेक्टचे नकाशे, सोसायटीच्या पुनर्विकासाचे आराखडे, वाटण्यांसाठी काढलेले जमिनीचे नकाशे, सगळं या यंत्रातून जातं. भावही उघड, चौरस फुटावर. बार्नम या दुकानात एक दिवस टिकला नसता.

दुकानातली रीतभात शिकून घ्यावी. सोसायटीचे चिटणीस घामाघूम होऊन येतात, बगलेत सोळा घड्या घातलेला नकाशा.

‘जम्बो होईल ना?’

‘होईल.’

‘घडीच्या रेघा येतील का हो कॉपीत?’

‘येणार.’

‘मग काय करायचं?’

‘घडी घालताना विचारायला यायचं.’

संभाषण इथं संपतं. यंत्र गुरगुरतं, कागद सरसर बाहेर येतो, दुकानदार तो गुंडाळून रबर लावतो. घड्यांच्या काळ्या रेघा नेमक्या चिटणिसांच्या बेडरूममधून गेलेल्या असतात. सभासदांच्या सभेत त्या रेघा तुळया आहेत की भिंती, यावर दोन तास जातात. तोही एक जम्बो ब्लॉकच.

विमानांबद्दल थोडक्यात. बोइंग ७४७ला जम्बो जेट म्हणायचे, आणि एअर इंडियाचं पहिलं जम्बो १९७१ साली मुंबईत आलं. नाव ‘एम्परर अशोक’. खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवलेली, आत राजवाड्याचा थाट. त्या काळी सांताक्रूझला लोक विमान बघायला जात, हल्लीसारखे पकडायला नव्हे. एअर इंडियाचं शेवटचं ७४७ एप्रिल २०२४मध्ये मुंबईहून कायमचं गेलं. आकाशातला जम्बो गेला, शब्द खाली राहिला आणि वेफर्सच्या पाकिटावर चढला.

त्या जेटवरूनच अनिल कुंबळेला जम्बो म्हणू लागले. चेंडू जेटसारखा सुसाट येई म्हणून, आणि पायांच्या मापामुळंही, असं सांगतात. शिडशिडीत, चष्मा लावलेला इंजिनिअर. इथं नियम उलटा फिरतो : माणसाला जम्बो म्हणायचं असेल तर तो अंगानं बेताचा असावा आणि त्यानं एका डावात दहाच्या दहा बळी घेतलेले असावेत. कुंबळेनं ते १९९९ साली दिल्लीत, पाकिस्तानविरुद्ध घेतले. दोन्ही अटी पुऱ्या करणारा माणूस जवळपास नसेल तर कोणालाही तोंडावर जम्बो म्हणू नये, विशेषतः मेहुणीला.

एका ठिकाणी थट्टा थांबवावी. २०२०च्या ऑगस्टमध्ये पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर आठशे खाटांचं जम्बो कोविड सेंटर उभं राहिलं. मुंबईत बीकेसी, गोरेगाव, दहिसर, मुलुंड इथं तशीच. त्या वर्षी लोक या शब्दाला ‘किती खाटा?’ एवढाच प्रश्न विचारत, आणि पुढचा, ‘रिकाम्या किती?’ कोणी मान वर करून पाहत नव्हतं.

आता शेवटचा आणि सर्वांत फायद्याचा उपयोग : राजकारण. ‘जम्बो मंत्रिमंडळ’ हा शब्द वर्तमानपत्रांनी पूर्वी फार प्रेमानं वापरला. १९९७ साली उत्तर प्रदेशात कल्याणसिंहांनी ९३ मंत्री केले, तेव्हा तो शब्द शोभूनही दिसला. मग ९१वी घटनादुरुस्ती आली आणि मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर बांधली गेली. महाराष्ट्रात २८८ आमदार, म्हणजे मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३. मंत्रिमंडळाला टेप लागला. पण जम्बो मरत नसतो, तो खोली बदलतो. हल्ली तो पक्षाच्या कार्यकारिणीत राहतो, कारण तिथं घटना पोचत नाही. शहराध्यक्ष एक, उपाध्यक्ष बावीस, सरचिटणीस अठरा, चिटणीस, सहचिटणीस, संघटक, समन्वयक, निमंत्रित, विशेष निमंत्रित आणि कायम निमंत्रित. बातमी येते : ‘जम्बो कार्यकारिणी जाहीर.’ जिल्हाध्यक्षांनी यावर चिडू नये. जितके पदाधिकारी तितके अभिनंदनाचे फ्लेक्स, आणि प्रत्येक फ्लेक्सवर आपला फोटो वरच्या कोपऱ्यात असतोच.

आपली वर्णी त्या यादीत लागली असेल तर पाळायची पथ्यं : आपलं नाव कितव्या पानावर आहे हे सांगू नये. ‘सहचिटणीस’मधला ‘सह’ लेटरहेडवर बारीक टाइपात घ्यावा. विरोधकांची यादी आली की ‘जम्बो’ म्हणावं, आपली आली की ‘सर्वसमावेशक’. आणि फ्लेक्सची ऑर्डर देताना छपाईवाल्याला नुसतं ‘जम्बो करा’ असं सांगून निघून जाऊ नये. तो भाव चौरस फुटावर लावतो, आणि बिल सहचिटणिसाच्याच नावानं निघतं.